सशाला विमानाच्या केबिनमधून नेण्याबद्दल (सिअ‍ॅटल ते ऑस्टिन)

मोरपीस

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑगस्टच्या सुरुवातीला आमचं बिऱ्हाड सिअ‍ॅटलहून ऑस्टिनला हलणार आहे. सामान ट्रकने जाईल, आम्ही विमानाने. प्रश्न लाडूचा आहे. लाडू म्हणजे आमचा ससा. हॉलंड लॉप, कान खाली पडलेले, वजन पावणेदोन किलो. लेक त्याला दादा म्हणते, यावरून काय ते समजा.

त्याला सामानाच्या कप्प्यात टाकायचं नाही हे पक्कं. केबिनमध्ये, सीटखाली, माझ्या पायाशी न्यायचाय. ज्यांनी ससा किंवा असा एखादा लहान जीव केबिनमधून नेलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कोणती कंपनी घेते? सिक्युरिटीला काय करतात? चार तासांत तो खातो-पितो का? घाबरून काही झालं तर वर आकाशात करायचं काय?

"ससाच तर आहे, देऊन टाक कुणाला तरी" हा सल्ला घरच्यांकडून मिळून झालाय. इथे नको, प्लीज.

उनाड

लाडूला खिडकीची सीट द्या. बाहेरचे ढग बघून त्याला वाटेल सगळे भाऊबंद भेटले!

पश्चिमरंग

मोरपीस, तिकीट काढण्याआधी सशाची जागा पक्की कर. बहुतेक लोक उलटं करतात. युनायटेड, अमेरिकन आणि साउथवेस्ट या विमान कंपन्या केबिनमध्ये फक्त कुत्रा-मांजर घेतात. डेल्टा देशांतर्गत विमानांत त्यात पाळीव पक्षी घेते, पण ससा नाही. सशाला केबिनमध्ये घेणाऱ्यांत अलास्का एअरलाइन्स आणि फ्रंटियर या दोघी आहेत. फ्रंटियर तर हॅमस्टर, गिनीपिगही नेते, पण फक्त देशांतर्गत. तुझं नशीब चांगलं, सिअ‍ॅटल हे अलास्काचं माहेरघर आणि ऑस्टिनला त्यांचं थेट विमान आहे.

वेबसाइटवर तिकीट काढून 'पेट' वर टिचकी मारली की काम झालं असं समजू नकोस. प्रत्येक विमानात प्राण्यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या लवकर संपतात. फोन कर, 'रॅबिट' हा शब्द उच्चारून सांग आणि तो बुकिंगमध्ये नोंदवून घे. आम्ही नेला तेव्हा एका बाजूचे १०० डॉलर पडले होते. प्राण्याची पिशवी ही तुझी हातातली एक बॅग म्हणून मोजतात, तेव्हा उरलेलं सामान त्या हिशेबाने भर.

पिशवीचं माप: अलास्काला मऊ पिशवी ४३ × २८ × २४ सेंमीपर्यंत चालते, कडक पेटी उंचीला आणखी कमी, साधारण १९ सेंमी. मऊच घे. लांबीत तुझा लाडू पाय पसरून पडू शकतो का ते घरीच बघ.

झुळूक

एक सोपा मार्ग सांगू का? डॉक्टरकडून इमोशनल सपोर्टचं, म्हणजे मनाच्या आधारासाठी प्राणी सोबत लागतो असं, पत्र घ्या. मग पैसेही नाहीत आणि कोणत्याही कंपनीतून नेता येतो. माझ्या ऑफिसातल्या एकीने मांजर असंच नेलं होतं.

पश्चिमरंग

झुळूक, ते दिवस गेले. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने डिसेंबर २०२० मध्ये नियम बदलला आणि तो जानेवारी २०२१ पासून लागू झाला. आता सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे प्रशिक्षित कुत्रा, बस. सपोर्टवाल्या प्राण्यांना विमान कंपन्या साधे पाळीव प्राणी म्हणूनच वागवू शकतात. त्या पत्राच्या भरवशावर कोणी काउंटरवर गेलं तर सशासकट परत यावं लागेल. मोरपीस, या वाटेला जाऊ नकोस.

झुळूक

अच्छा, हे माहीत नव्हतं. मैत्रिणीचं २०१८ सालचं असणार मग.

कावेरीकाठ

मी नेलाय! डेन्व्हरहून सॅन डिएगोला, आमची काजू होती तेव्हा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चेक-इनला बसलेल्या बाईंनी सरळ सांगितलं की ससे चालत नाहीत. आमच्या बुकिंगवर नोंद होती, पैसे भरले होते, तरी. मी त्यांच्याच वेबसाइटचं पान छापून फाइलमध्ये ठेवलं होतं, ते पुढे केलं. त्यांनी वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी वाचलं आणि दोन मिनिटांत पट्टी लावून दिली. फोनवर पान दाखवायला गेलं की नेमकी बॅटरी किंवा रेंज दगा देते, म्हणून कागदच हवा. आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोच.

आता सिक्युरिटीचं नीट सांगते, कारण सगळ्यात धोक्याची जागा ती आहे. विमान नव्हे, सिक्युरिटी. तिथे प्राण्याला पिशवीतून बाहेर काढायला लावतात. रिकामी पिशवी एक्स-रेच्या पट्ट्यावर जाते आणि तुम्ही प्राण्याला हातात घेऊन चौकटीतून चालत जायचं. ससा कुठल्याही परिस्थितीत एक्स-रेत जाता कामा नये. आजूबाजूला प्लास्टिकच्या ट्रे आपटत असतात, माणसं ओरडत असतात, पोरं "बनी बनी" करत धावत येतात. अशात ससा उसळला आणि हातातून सुटला तर त्या विमानतळावर शोधणार कुठे?

म्हणून रांगेत शिरतानाच अधिकाऱ्याला सांगायचं की मला वेगळ्या खोलीत तपासणी हवी आहे. ही सोय आहे, मागितली की देतात, थोडं थांबावं लागतं. आम्हाला छोट्या खोलीत नेलं, दार लावलं आणि मग मी काजूला काढलं. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पोट माझ्या अंगाला घट्ट टेकलेलं आणि तोंड माझ्या कोपराच्या बेचक्यात खुपसलेलं. तिला काही दिसत नव्हतं, म्हणून ती गप्प होती. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की माझ्या मनगटाला कळत होतं. अधिकारी बाईंनी पिशवी तपासली, माझ्या तळहातांवरून कापडाची पट्टी फिरवली आणि "शी इज सो गुड" म्हणाल्या. मला रडू फुटायचं बाकी होतं.

हार्नेस घाल, पण घरी सवय करून. सशाला दोरीने ओढायचं नसतं, फक्त सुटू नये एवढ्यापुरता.

रोखठोक

सगळे कसं न्यायचं ते सांगताहेत, मी न्यावं का ते विचारतो. ससा हा भक्ष्य म्हणून जन्माला आलेला प्राणी. आवाज, थरथर, अनोळखी वास, हे सगळं त्याच्या दृष्टीने लांडगा आल्यासारखं. कुत्र्याला मालकासोबत असण्याचा आनंद तरी असतो. इथे हौस आपली आणि भोगायचं सशाने. मी असतो तर सिअ‍ॅटलमधल्या चांगल्या घरी दिला असता. तुम्ही तो सल्ला नको म्हणालात, तरी लाडूच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिलं.

कावेरीकाठ

रोखठोक, तुमची कळकळ समजते, पण नवं घर, नवी माणसं, नवे वास हाही ताणच की. तो चार तासांत संपत नाही. काजू नव्या घरात तिसऱ्या दिवशी पाय ताणून सोफ्याखाली लोळत होती, कारण माणसं तीच होती, तिची चटई तीच होती.

चांदणवेल

विमान नको असेल तर गाडीने का नाही? आम्ही मांजर नेलं होतं तसं.

पश्चिमरंग

सिअ‍ॅटल ते ऑस्टिन सव्वातीन-साडेतीन हजार किलोमीटर आहे. मूल बरोबर असताना चार दिवस तरी धर. ऑगस्टमध्ये, वाटेत सगळा कोरडा भाजणारा पट्टा. दर रात्री नवी मोटेल. मला तरी विमान बरं वाटतं. आपले पशुवैद्य लोक काय म्हणतात ते बघू.

वसुधा_पशुवैद्य

उशिरा बघितला धागा. मी परळच्या कॉलेजात शिकले, आता न्यू जर्सीत लहान प्राण्यांच्या दवाखान्यात आहे. ससे रोज बघते.

रोखठोक यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. म्हातारा ससा, दातांचा किंवा पोटाचा जुना त्रास असलेला ससा, श्वासाची तक्रार असलेला ससा विमानात नेऊ नये, असं मी पालकांना स्पष्ट सांगते. पण धडधाकट ससा, थेट चार तासांचं विमान आणि माणसाच्या पायाशी जागा, हा प्रवास होतो. गाडीच्या चार दिवसांपेक्षा मी हाच निवडेन.

आता नीट वाच मोरपीस. सशाच्या बाबतीत भीतीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे थांबलेलं पोट. सशाचं आतडं सतत हलत राहावं लागतं आणि ते हलवतं गवत. घाबरला की तो खाणं थांबवतो, खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आत वायू धरतो, पोट दुखतं, आणि दुखतंय म्हणून तो आणखी खात नाही. हे चक्र दहा-बारा तास चाललं तर जिवावर बेततं. म्हणून तुझ्या सगळ्या तयारीचा एकच हेतू ठेव: घरातून निघाल्यापासून नव्या घरी पोचेपर्यंत त्याचं तोंड चालू राहिलं पाहिजे.

त्यामुळे प्रवासाआधी उपाशी ठेवू नकोस. कुत्र्या-मांजरांना उलटी होऊ नये म्हणून कमी खायला देतात, तो सल्ला ऐकून लोक सशालाही उपाशी ठेवतात. सशाला उलटी करताच येत नाही. त्याला नेहमीचं गवत भरपूर दे, निघेपर्यंत दे. पिशवीत खाली जुनी फ्लीसची चादर घाल, तीही त्याच्याच जागेतली, न धुतलेली. कुत्र्याच्या पिलांसाठी मिळतात ते शोषून घेणारे पॅड घालायचे तर चादरीखाली असे घाल की दात पोचणार नाहीत. त्यातला जेल पोटात गेला तर फार वाईट. वर मूठ-दोन मूठ टिमोथी गवत.

पाण्याची बाटली पिशवीला लटकवू नकोस, गळते आणि अंग भिजतं. ओली पालेभाजी दे: कोथिंबीर, रोमेन लेट्यूस, धुऊन पाणी न झटकता. पाणी पोटात जातं आणि चघळणंही होतं. विमान चढताना आणि उतरताना कोथिंबिरीची काडी तोंडापुढे धर. चघळलं की कानातला दाब सुटायला मदत होते. लाडू लॉप आहे, त्याच्या कानाची नळी अरुंद असते आणि आत संसर्ग लपून बसतो, तेव्हा निघण्याआधी कान आणि दात तपासून घेच.

गुंगीचं औषध नको. ते देऊन विमानात बसवलं तर रक्तदाब आणि शरीराचं तापमान सांभाळणं त्याला जड जातं, शिवाय पोट मंदावतं. फार घाबरणारा ससा असेल तर तुझ्या पशुवैद्याशी बोल. आम्ही काहींना हलकं भीती कमी करणारं औषध देतो, पण ते आधी घरी देऊन परिणाम बघितल्याशिवाय कधीच नाही. आणि इंटरनेटवर दाखवतात तसं उताणं करून 'झोपवणं' अजिबात नको. तो झोपत नाही, भीतीने गोठतो.

केबिनमधली हवा साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा बरीच वरची. निरोगी सशाला ती सोसते. पण ससा श्वास फक्त नाकाने घेतो, सर्दी असेल तर तोंडाने भागवू शकत नाही. नाक वाहत असेल तर तारीख पुढे ढकल.

मोरपीस

वसुधाताई, किती आभार मानू. तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय.

कागदपत्रांचं सांगाल का? आणि लसीबद्दल ऐकलं, सशांची कुठली साथ आहे म्हणे.

वसुधा_पशुवैद्य

ती आरएचडीव्ही-२, सशांमधला रक्तस्रावाचा विषाणू. माणसाला होत नाही, सशाला मात्र अनेकदा कुठलंही लक्षण न दाखवता मारतो. तुमच्या वॉशिंग्टन राज्यात २०१९ मध्ये सॅन वॉन बेटांवर सापडला होता आणि २०२० मध्ये न्यू मेक्सिको, टेक्सास, अ‍ॅरिझोनाच्या रानटी सशांत पसरला. म्हणजे तुझी दोन्ही टोकं त्यात आली. लस आहे, २०२१ पासून अमेरिकेत मिळते. दोन डोस, मध्ये तीन आठवडे, आणि दुसऱ्यानंतर दोन आठवडे जाऊ दे. थोडक्यात, निघण्याच्या पाच-सहा आठवडे आधी पहिला टोचून घे.

कागदाचं म्हणशील तर केबिनमधल्या प्राण्याला अलास्का आरोग्य दाखला मागत नाही. पण राज्यं मागू शकतात आणि सशांच्या बाबतीत या साथीमुळे नियम बदलत राहतात. टेक्सासच्या पशुआरोग्य खात्याला फोन करून विचार आणि काही असलं तरी नसलं तरी दाखला घेऊन ठेव.

शेवंताआजी

मोरपीस बाळा, मी डाळिंब्यांची उसळ आणि नातवंडांचे ससे या दोन विषयांतली जाणकार. आमच्याकडे साताऱ्याला ससे असायचे. नाजूक पोट झालं की आम्ही बाकी सगळं बंद करून कोवळ्या दूर्वा घालायचो. गणपतीच्या जुड्या उरल्या की पहिला हक्क त्यांचाच. ऑस्टिनात दूर्वा सगळीकडे असते असं माझी सून सांगते, तिथे लोक तिची हिरवळ लावतात.

वसुधा_पशुवैद्य

आजी, अगदी बरोबर. बर्म्युडा ग्रास म्हणतात इथे, आपली हरळीच. सशाला उत्तम. फक्त फवारणी केलेल्या लॉनमधली नको. भारतात टिमोथी महाग पडतं त्यांनीही दूर्वा-हरळी द्यावी. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार.

मुठाकाठ

थोडं अवांतर. माझी भाची बेंगळुरूहून पुण्याला येतेय, तिच्याकडे दोन ससे आहेत. इकडे विमानात चालतात का?

गोमंतक_राघू

मुठाकाठ, अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये प्राणी सुरू केले, पण कुत्री-मांजरं. एअर इंडिया कुत्रा, मांजर, पक्षी. इंडिगो सेवेच्या कुत्र्याशिवाय काही घेत नाही. सशाला केबिनचं दार बंदच. ८४० किलोमीटर आहे, गाडी करा, रात्री निघा, एसी चालू ठेवा. माझ्या बहिणीने हुबळीला थांबून असंच केलं, ससे मागच्या सीटवर गवत खात आले.

आणि विषय निघालाच आहे म्हणून: एमिरेट्सच्या केबिनमध्ये अंधांचे वाटाड्ये कुत्रे सोडले तर प्राण्यांना मज्जाव, पण दुबई ते पाकिस्तानातल्या काही शहरांपर्यंत शिकारी ससाणा मालकाशेजारी बसून जाऊ शकतो. ससाण्याला बोर्डिंग पास आणि बिचारा ससा खाली!

उनाड

बरंच आहे की. दोघांना शेजारशेजारची सीट दिली तर जेवणाची सोय वेगळी करायला नको.

मोरपीस

उनाड!! लेक वाचतेय शेजारी बसून.

उनाड

लेकीची क्षमा मागतो. लाडूदादाला माझ्याकडून एक गाजर.

वसुधा_पशुवैद्य

गाजराचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा. साखर असते त्यात.

ब्रिस्बेनचा_बंड्या

तुम्ही निदान ससा पाळू तरी शकता. आमच्या क्वीन्सलँडमध्ये घरी ससा ठेवणं हाच गुन्हा आहे, जबर दंड. रानात सोडलेल्या सशांनी ऑस्ट्रेलियाची शेती आणि कुरणं खाऊन टाकली त्याचा हा परिणाम. जादूगारांना टोपीतल्या सशासाठी परवाना मिळतो. सिडनीहून बदली होऊन आलेल्या माझ्या शेजाऱ्यांना ससा मागे ठेवावा लागला, मुलं आठवडाभर जेवली नव्हती. इतरांनी राज्य बदलताना कायदा आधी बघावा, एवढंच सांगायला आलो.

थेम्सतीर

ब्रिटनचंही लिहून ठेवते, कुणाच्या तरी कामी येईल. इथे येणाऱ्या विमानात कुठलाच पाळीव प्राणी केबिनमधून आणता येत नाही, सहायक कुत्रा सोडून. सगळे कार्गोतून येतात. ससा युरोपीय संघाबाहेरून येत असेल तर रेबीजसाठी चार महिने क्वारंटाइन. मैत्रिणीने पुण्याहून आणायचं ठरवलं होतं, हे ऐकून ससा आईकडेच ठेवला. आता ती आई व्हिडिओ कॉलवर आधी सशाला दाखवते.

गोमंतक_राघू

कार्गोवरून आठवलं. एप्रिल २०१७ मध्ये सायमन नावाचा कॉन्टिनेन्टल जायंट जातीचा ससा लंडनहून युनायटेडच्या विमानाने कार्गोतून अमेरिकेला निघाला होता. दहा महिन्यांचा, जवळजवळ तीन फूट लांब, आयोवातल्या नव्या मालकांकडे जाणार होता. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघताना तो मेला. जगभर बातमी झाली. मालकांनी कंपनीवर दावाही लावला. नेमकं कशाने गेला यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं नाही.

रोखठोक

हेच मी म्हणत होतो.

वसुधा_पशुवैद्य

रोखठोक, कार्गो आणि केबिन एका मापाने मोजू नका. कार्गोत ससा तासन्‌तास माणसाच्या नजरेआड असतो, धक्क्यावर उन्हात किंवा थंडीत थांबतो, विमान बदलतं. त्याने खाणं सोडलं हे कोणाला कळतच नाही. पायाशी असलेल्या सशाचं नाक हलतंय की नाही ते दर दहा मिनिटांनी बघता येतं. कार्गोला मीही नाही म्हणते, कोणत्याही सशासाठी.

मोरपीस, तुझा खरा धोका मला ऑस्टिनचा वाटतो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून सोडतो. २७-२८ अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो, ३० च्या पुढे उष्माघाताची भीती. ऑगस्टात तिथे दुपारी पारा सहज ३७-३८. विमानतळाच्या दारातून गाडीपर्यंतचं अंतर, तापलेली गाडी, ही मिनिटं सांभाळ. शक्यतो सकाळचं विमान नको, रात्री उतरणारं घे. सिअ‍ॅटलला संध्याकाळ थंड, ऑस्टिनला ऊन उतरलेलं.

कावेरीकाठ

ताईंना अनुमोदन, आणि एक युक्ती. बर्फाचे जेल पॅक सिक्युरिटीत पूर्ण गोठलेले असतील तरच सोडतात, थोडे वितळले की द्रव म्हणून १०० मिलीच्या नियमात अडकतात. आम्ही रिकामी छोटी बाटली नेली, आत गेल्यावर कॉफीच्या दुकानातून बर्फ मागून भरली, मोज्यात घालून पिशवीच्या एका कडेला ठेवली. काजू उतरेपर्यंत तिला टेकून होती. मोकळी बाजूही ठेवायची, गार जास्त झालं तर सरकता यावं म्हणून.

चांदणवेल

शेजारच्या प्रवाशाला अ‍ॅलर्जी असली तर?

पश्चिमरंग

चढल्यावर आपणहून सांगायचं आणि तक्रार असेल तर कर्मचाऱ्यांना सीट बदलून मागायची. आमच्या वेळी शेजारचे गृहस्थ उलट पूर्ण वेळ खाली वाकून सशाशी बोलत होते, निवृत्त ट्रकड्रायव्हर होते. पिशवीची चेन मात्र विमानात उघडायची नाही, मांडीवर काढायचा नाही, नियमच आहे. कोथिंबीर द्यायला चेन दोन बोटं उघडायची तर आधी कर्मचाऱ्यांना विचार.

मोरपीस

मंडळी, आम्ही ऑस्टिनला पोचलो! सविस्तर लिहिते, कारण मला या धाग्याने जे दिलं ते पुढच्या माणसाला मिळायला हवं.

लशीचे दोन्ही डोस वेळेत झाले. कान-दात तपासताना डाव्या कानात मळ साचलेला निघाला, तो साफ करून घेतला. निघण्याच्या महिनाभर आधीपासून पिशवी उघडी ठेवून त्याचं संध्याकाळचं खाणं तिच्यातच दिलं. शेवटी शेवटी तो आपणहून आत जाऊन झोपायचा. रोज थोडा वेळ चेन लावून त्याला गाडीतून फिरवलं.

विमान रात्री उतरणारं घेतलं. काउंटरवर छापील पानाची गरज पडली नाही, नोंद बघून पट्टी लावली. सिक्युरिटीला वेगळी खोली मागितली, पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागलं. कावेरीकाठने लिहिलं तसंच धरलं, तोंड कोपरात. लेक बाजूला उभी राहून त्याला हळू आवाजात "झालं हं दादा, झालं" म्हणत होती. अधिकारी बाईंनी तिलाही शाबासकी दिली.

विमानात पहिला अर्धा तास तो दगड होऊन बसला. कान मागे, डोळे मोठे, नाक भराभर. मी कोथिंबीर धरली तर तोंड फिरवलं. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मग वर स्थिर झाल्यावर, दिवे मंद झाल्यावर, एक काडी आत ओढली गेली. पुढची दुसऱ्या टोकापासून कुरतडत आली. मग त्याने गवताकडे मोर्चा वळवला आणि मी सीटखालच्या अंधारात ते करकर ऐकत बसले. उतरताना पुन्हा कोथिंबीर, या वेळी लगेच घेतली.

नवरा एक दिवस आधी पोचला होता. त्याने गाडी आधी गार करून दाराशी आणली, त्यामुळे बाहेरच्या वाफेत दोन मिनिटंही काढावी लागली नाहीत. घरी एक खोली त्याच्या जुन्या चटईसह आधीच तयार होती. रात्री दीडपर्यंत लेंड्या दिसल्या नाहीत म्हणून मी वसुधाताईंना निरोप टाकला. त्यांनी सांगितलं तसं जमिनीवर ओल्या भाज्या पसरल्या, त्याला हिंडू दिलं, पोटाला हलका हात फिरवला.

वसुधा_पशुवैद्य

सकाळचा फोटो सगळ्यांना दाखव!

मोरपीस

लेंड्यांचा फोटो टाकणारी या संस्थळावरची पहिली व्यक्ती मी होऊ नये म्हणून शब्दांत सांगते: पहाटे कोपऱ्यात ढीग होता. पहिल्या काही बारीक आणि कोरड्या, नंतरच्या गोल, मोठ्या, गवताच्या रंगाच्या. नवऱ्याला उठवून दाखवल्या. आजी, अंगणात दूर्वा खरंच आहे. घरमालकांना फवारणीचं विचारलंय, उत्तर आलं की खुडणार.

शेवंताआजी

जप त्याला. आणि तूही जेव आता.

रोखठोक

अभिनंदन. मी अजूनही म्हणेन की प्रत्येक सशासाठी हे नाही. पण इतकी तयारी करणारे पालक असतील तर माझा विरोध मागे घेतो.

नीरव

सगळा धागा वाचून काढला, खूप उपयोगी. आम्हाला डिसेंबरमध्ये पोर्टलंडहून सॅन होजेला दोन ससे न्यायचेत, नवरा-बायको आहेत, दोघांची नसबंदी झालेली. सासरे म्हणतात एक आता न्या, दुसरा जानेवारीत मी घेऊन येतो, म्हणजे तुमच्यावर भार नको. काय करावं?

वसुधा_पशुवैद्य

नीरव, जोडी तोडू नका. जुळलेले ससे महिनाभर वेगळे राहिले तर वास बदलतात, एकमेकांना परके होतात आणि पुन्हा भेटल्यावर रक्त निघेपर्यंत भांडू शकतात. शिवाय ताणात असलेला ससा जोडीदाराला टेकून बसला की लवकर खायला लागतो. दवाखान्यातही एक आजारी असला तरी मी दोघांना आणायला सांगते. एका पिशवीत दोघे चालतील का ते दोघांच्या आकारावर आणि कंपनीच्या नियमावर आहे, बुकिंगच्या फोनवर आधी तेच विचारा. दोन पिशव्या लागल्या तर तुम्ही एक आणि पत्नीने एक घ्या, शेजारी बसा, आणि दोन्ही पिशव्यांच्या जाळ्या एकमेकींकडे तोंड करून ठेवा. निघण्याआधी दोन-तीन दिवस त्यांच्या चादरी अदलाबदल करत राहा. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांना जानेवारीत नुसतं पाहुणे म्हणून बोलवा.